आमच्या घराण्याची झोप

माझ्या हळदीला माझी सख्खी आत्या झोपून राहिली, आणि त्यावरून बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, बँड, अख्खा गाव जेवायला. बाबांची ही एकुलती एक धाकटी बहीण. पहिली हळद लावायचा मान तिचा. ती अकलोलीहून आठवडाभर आधीच येऊन राहिली होती. लाडू वळून, पाहुणे सांभाळून आणि स्पीकरच्या तोंडाशी बसून तिचं डोकं दुखायला लागलं. आईला अर्धशिशीचा त्रास. तिच्याकडे झोपताना घ्यायची एक बारीक गोळी असायची. तिने ती नणंदेला दिली. आत्याने ती रोज घेतली आणि हळदीच्या दिवशी दुपारी जेवून जी आडवी झाली ती उठेचना. बायका उठवायला जायच्या. ती "आले आले" म्हणायची आणि कूस बदलायची. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी हळद लावली. दुसऱ्या दिवशी लग्नाला तिला धरून आणली, तर ती माझ्या सासूबाईंच्या खांद्यावर मान टाकून झोपली. सासूबाईंची आणि तिची तोवर ओळखही झाली नव्हती.

हळदीच्या दिवशी सकाळी तिला दिलेली मानाची साडी बघून आत्या "रंग जरा फिकट आहे" एवढंच म्हणाली होती. लोकांना तेवढं पुरलं. आत्या रुसली! ती सगळ्यांना सांगत राहिली, "मी रुसले न्हाय, मला झोप लागलेली." त्यावर आई म्हणायची, "तीच गोळी मी घेते आणि पहाटे उठून भाकऱ्या थापते. मला कशी नाही लागत?" बाबा म्हणाले, रुसायचं होतं तर तोंडाने सांगायचं, झोपेचं सोंग कशाला? मग येणंजाणं संपलं. दिवाळीला फोनसुद्धा नाही.

गेल्या वर्षी बाबांना नागीण झाली. पुरळ सुकलं, पण बरगडीखालची आग राहिली. शर्ट लागला तरी ओरडायचे. नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी एक बारीक गोळी रात्री घ्यायला दिली. आग कमी झाली. मात्र बाबा दिवसेंदिवस मऊ पडत गेले. दापोड्याला आमच्या शेताच्या जागी आता गोडाऊन आहे. तिथे रोज एक फेरी मारून भाडेकरूशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. आता ते भांडता भांडता मध्येच थांबायचे आणि भाडेकरूच त्यांना खुर्ची द्यायचा. घरी दिवसभर पाणी प्यायचे, तरी तोंड कोरडं. बोलणं जाड झालं होतं. आई म्हणाली, वय झालं.

त्याच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचा साखरपुडा होता. घरात मोठे बाबाच. फेटा बांधून त्यांना पुढच्या सोफ्यावर बसवलं. मुलाच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मग काय, आमचा मुलगा तुम्हाला पसंत आहे ना?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी डोळे मिटले होते. विचार करतायत असं वाटलं. विचार लांबला. मग घोरण्याचा आवाज आला.

माझ्या नवऱ्याने कोपराने ढोसलं. बाबा दचकून उठले, जड जिभेने "ठेव ठेव, तिथंच ठेव" असं काहीतरी म्हणाले आणि उभे राहताना झोकांडी खाल्ली. फेटा मुलाच्या आईच्या मांडीवर पडला. "प्यायलेत वाटतं," पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी जन्मात कधी बिडीसुद्धा ओढलेली नाही. काकांनी कसंबसं सांभाळून घेतलं, साखरपुडा पार पडला. पण आम्ही घरी पोचायच्या आत फेटा पडतानाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोचला होता. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

घरी बाबा भिंतीला टेकून बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "कुणाचीही शपथ घेतो. मी प्यायलो नाय. मला झोप लागलेली."

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "अहो," ती म्हणाली, "वन्सं हेच म्हणत होत्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "गोळ्या किती घेत होतात? एकच ना?"

"एकच," आई म्हणाली. "माझ्या हातानं देते."

"घरात अजून कुणाला या गोळीने असं झालंय? रक्ताच्या नात्यात?"

बाबा हळूच म्हणाले, "बहीण हाय एक."

आईने सगळी हकिगत सांगितली, साडीच्या रंगासकट. तिची अर्धशिशीची गोळीही हीच निघाली. डॉक्टरीणबाई हसू दाबत ऐकत होत्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. गोळी पोटात गेली की लिव्हर ती मोडते आणि बाहेर काढते. मोडायचं हे काम कुणाचं लिव्हर झटपट करतं, कुणाचं सावकाश. ते जन्मतःच ठरलेलं असतं. एक वाटा आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. दोन्ही वाटे संथ निघाले तर कालची गोळी अंगात असतानाच आजची येते, त्यावर उद्याची. आठवड्यात माणूस आडवा. "तपासणी करता येते, पण मला तुमच्याकडे बघूनच शंका येतेय. आणि भाऊबहिणीत असं जुळणं अगदी शक्य आहे."

"म्हणजे ती खरंच झोपलेली?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक. एवढा वेळ सोंग कोण करेल?"

मी माझं विचारलं. त्या म्हणाल्या, बाबांचे दोन्ही वाटे संथ असतील तर त्यातला एक तुझ्यात आलाच, दुसरा आईकडून काय आला ते बघायचं. आई खुर्चीत सरसावून बसली. "माझ्याकडून चांगलाच आला असणार," ती म्हणाली.

बाबांची गोळी बदलली. नवी गोळी लिव्हरच्या भानगडीत न पडता थेट लघवीवाटे निघून जाते म्हणे. चारपाच दिवसांत बाबा ताळ्यावर आले, भाडेकरूशी भांडले, आणि रविवारी सकाळी म्हणाले, "अकलोलीला जाऊ."

आत्याचं कुंडाजवळ नारळ-हारांचं दुकान आहे. गरम पाण्यात आंघोळ करून आलेली माणसं ओल्या डोक्याने पुढ्यात उभी होती. आत्याने आम्हाला पाहिलं आणि हातातला हार तसाच बांधत राहिली.

बाबा दुकानाबाहेर उभे राहिले. "तू रुसली नव्हतीस," ते म्हणाले.

"मग मी काय सांगत व्हते?"

"लिव्हर. आपलं लिव्हर सावकाश हाय."

"काय हाय?"

मग बाबांनी गिऱ्हाइकांसमोरच सगळं सांगितलं. वाटे, गोळ्या, साखरपुडा, फेटा. फेट्यापाशी आत्याच्या हातातला हार थांबला. "व्याह्याच्या मांडीवर?"

"विहिणीच्या."

आत्या मटकन खाली बसली. खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून आई पुढे झाली, पण ती हसत होती, आणि मग हसता हसता खरंच रडायला लागली. "दादा, इतकी वर्षं मी बोंबलतेय. तुझा इस्वास न्हाय. आणि त्या बाईनं एकदा सांगितलं तर लगेच पटलं?"

बाबा आत शिरले आणि गिऱ्हाइकांना नारळ देऊ लागले. भाव चुकीचे सांगत होते, पण आत्याने टोकलं नाही. जेवायला तिने आम्हाला थांबवून घेतलं. वाढताना आईला म्हणाली, "वहिनी, रंग फिकटच व्हता पण." आई म्हणाली, "होताच."

इथं हे संपायला हवं होतं. पण बाबांच्या उरलेल्या गोळ्या आईने टाकल्या नव्हत्या. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हसला होता माझा नवरा. फेट्याचा व्हिडिओ त्याने ऑफिसात दाखवला होता. मोटारसायकलवरून खड्ड्यांतून जाऊन जाऊन त्याची मान धरली, तेव्हा आईने मला न विचारता त्या गोळ्या त्याला दिल्या. तिचा हिशेब सरळ होता: "जावई आपल्या रक्ताचे कुठं?"

काही दिवसांतच तो दाढी करता करता आरशाला टेकून झोपलेला सापडला. अर्ध्या गालाला फेस.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पाहून डोक्याला हात लावला. "यांचं तर लिव्हर वेगळ्या घरातलं. दुसरी कुठली गोळी घेताय?"

"नाही," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. "एक घेतोय. खाजेची."

"कसली खाज?"

"गजकर्ण," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला की डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारावं लागलं. महिनाभर गुपचूप घेत होता. मलाही पत्ता नव्हता.

त्या म्हणाल्या, लिव्हरमध्ये ही गोळी मोडणारा कामगार तोच, पण गजकर्णाच्या गोळीने त्याला धरून ठेवलाय. बाबांच्यात तो जन्मापासून संथ आहे, यांच्यात ही गोळी चालू असेपर्यंत आणि नंतरही काही आठवडे. "परिणाम मात्र सारखाच. आणि मावशी, औषध म्हणजे लोणचं नव्हे, शेजारी द्यायला."

आईने मान हलवली. संध्याकाळी बाबांनी व्हिडिओ काढायची तयारी करून जावयाला "बसा, जरा टेका" असा आग्रह सुरू केला. तो काही केल्या टेकला नाही. दुसऱ्या दिवशी आईने औषधं ठेवायचा अख्खा बिस्किटांचा डबा दवाखान्यात नेऊन दिला. फक्त बामची बाटली काढून ठेवली. ती वरून लावायची असते, तिचं लिव्हर बघायला लागत नाही, असं तिचं म्हणणं.