ती कॅसेट ताईची होती

ताई आणि बाबा यांच्यातलं बोलणं तुटलं ते एका टीव्ही गेमवरून. नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात. मला हसू येत नाही. मी तिथे होते.

तो गेम मामानं ताईला दिला होता, ती दहावी पास झाली तेव्हा. मामा रेल्वेत, गोरखपूरला. तिथून नेपाळ जवळ, आणि नेपाळहून त्या काळी काय वाटेल ते यायचं: छत्र्या, घड्याळं, थर्मास. आमच्याकडे आलं ते एक करडं यंत्र, दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. तळहाताएवढा पिवळा प्लास्टिकचा डबा, यंत्राच्या खाचेत बसवला की टीव्हीवर खेळ सुरू. आमच्या खेळात एक माणूस जंगलातून पळत गोळ्या झाडायचा. पुढे नदी लागायची, आणि नदी आली की पडद्याच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत हिरवा पट्टा उमटायचा. काहीतरी बिघाड होता. आम्ही त्याला शेवाळ म्हणायचो, कारण पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्या अशाच दिसायच्या.

आमचं घर मराठी, पण आम्ही राहायचो उत्तरेत, नदीकाठी, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. बाबा घरीच संस्कृत शिकवायचे. ते बाहेर पडले की दुकानदार हात जोडून ‘गुरुजी, प्रणाम’ म्हणायचे, आणि बाबा मान किंचित हलवून पुढे जायचे. त्या प्रणामांवर त्यांचं किती चालतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चौकाच्या वाटेवर एका माणसानं कॅसेटचं दुकान काढलं होतं. आपली कॅसेट त्याच्याकडे ठेवायची, त्याची एक घरी न्यायची, आठवड्यानं उलट अदलाबदल. गोड बोलायचा, तोंडात कायम पान. आम्ही जंगलवाली ठेवली आणि मोटारींच्या शर्यतीची आणली. खेळलो, आणि ठरल्या दिवशी परत द्यायला गेलो.

ती घेऊन तो फळीखाली वाकला, वर आला आणि आमच्यासमोर आपल्या टीव्हीला लावली. पडद्यावर मोटारी आल्याच नाहीत. बदकं उडायला लागली.

“बिटिया,” तो म्हणाला, “ये तो अंदर से बदल दी गई है।”

“हमने खोली ही नहीं,” ताई म्हणाली.

“तो क्या बंदर आके खोल गया?”

दुकानात होते तेवढे सगळे हसले. आमची कॅसेट मागितली तर त्यानं ती फळीवर उंच ठेवली आणि सरळ आमच्या मागोमाग घरी आला.

बाबांची शिकवणी चालू होती, समोर विद्यार्थी बसलेले. दुकानदार दारातच वाकला. “गुरुजी, आपके घर की लड़कियाँ हैं, मैं क्या कहूँ?” असं म्हणत त्यानं जे सांगायचं ते सगळं सांगितलं, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात.

बाबांनी ताईला विचारलं, “उघडली होतीस?”

“नाही.”

त्यांनी तिच्याकडे पुरतं पाहिलंही नाही. विद्यार्थ्यांकडे पाहिलं. मग उठून आत गेले, टीव्हीमागची वायर उपसली आणि यंत्र, रिमोट, सगळं त्या माणसाच्या हातात दिलं. “ये ले जाइए। बात यहीं ख़त्म।”

“बाबा, ते माझं आहे,” ताई म्हणाली. “मामानं मला दिलंय.”

“या घरात तुझं-माझं असं काही नसतं.”

“मग तुमच्या पोथ्या द्या ना त्याला!”

बाबांनी तिच्या थोबाडीत मारली. विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या. दुकानदार “अरे गुरुजी, बच्ची है” असं म्हणाला आणि यंत्र छातीशी धरून पायऱ्या उतरला.

आई संध्याकाळी एवढंच म्हणाली, “माझ्या भावानं दिलेली वस्तू होती. मला तरी विचारायचं.” बाबा जेवत होते. “विषय संपला,” म्हणाले. आईनं त्यांच्या पानात भात वाढला तो लांबूनच, टाकल्यासारखा.

विषय संपला नाही. मुन्शी घाटाकडे ताईची एक वर्गमैत्रीण राहायची. पावसाळा सरताना तिनं त्याच दुकानातून कुस्तीचं चित्र चिकटवलेली एक कॅसेट आणली आणि शाळेत कुरकुरली, “कुश्ती है ही नहीं इसमें, कोई जंगल में भाग रहा है।” ताईनं खाता खाता जेवणाचा डबा बंद केला आणि मला वर्गातून बोलावून घेतलं. शाळा सुटल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. ताईनं स्वतः रिमोट हातात घेतला. जंगल पार केलं. नदी आली, आणि उजव्या कडेला शेवाळ उतरलं.

मी ओरडलेच. ताई ओरडली नाही. तिनं पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मागितला आणि कॅसेट उलटी केली. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या होत्या. आतली सर्किटची पट्टी आमची, वरचं कवच दुसरं. तो माणूस लोकांच्या कॅसेट उघडून आतलं काढून घेत होता, परत आलेली कॅसेट फळीखाली बदलत होता, आणि कोणी विचारायच्या आत त्यांनाच चोर ठरवत होता.

घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं, चढ्या आवाजात नाही, पाठ केलेल्या धड्यासारखं. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“असेल,” ते म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला पटलंय?”

“पटलंय.”

“मग चला. आपला गेम परत मागू.”

“मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही. चार लोकांत पुन्हा हा विषय नको.”

माझ्या मते तुटलं ते इथे. थप्पड ती विसरली असती. मुलगी खरं बोलतेय हे कळल्यावरही ते चटईवरून उठले नाहीत, हे ती विसरली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ताई त्या दुकानासमोरच्या चबुतऱ्यावर बसायला लागली. मी तिच्याबरोबर. जो कोणी कॅसेट घेऊन येईल त्याला ती थांबवायची. “देने से पहले अंदर निशान लगा लो। वापस लो तो खोल के देखना।” पेचकस आमच्याकडे होता. मी स्क्रू काढायचे, ती खिळ्यानं आतल्या पट्टीच्या कडेला त्या मुलाचं अक्षर कोरायची. आधी पोरांना गंमत वाटली. मग एकाची कॅसेट बिननिशाणीची परत आली, आणि त्याचे दोन मोठे भाऊ दुकानात शिरले. आतून फळ्या आपटल्याचा आवाज आला. ताई खाली उतरली नाही, ऐकत बसली. तिचा चेहरा मला आवडला नाही, पण मलाही बरं वाटत होतं.

दुकानदार बाहेर आला. ‘बिटिया’ संपलं होतं. “हटो यहाँ से!”

“गली आपकी है?”

“तेरे बाप को बुलाता हूँ।”

“बुलाइए। वो आपको और कुछ दे देंगे।”

आणि त्यानं खरंच बाबांना आणलं. बाबा भर गल्लीतून आले, अंगावर उपरणं, आणि नेहमीचे प्रणाम होत राहिले. ते चबुतऱ्यापाशी थांबले. लोक जमले होते.

“घरी चल.”

“आधी ह्याला विचारा, आपला गेम कुठाय.”

मला वाटलं, आता विचारतील. एवढे लोक आहेत, दोन भावांनी त्याला आत धरलाच होता, आता तर सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी दुकानदाराकडे वळून हात जोडले. “क्षमा कीजिए। आगे से नहीं आएगी।”

तो माणूससुद्धा पान चघळायचा थांबला.

ताई उतरली. पेचकस माझ्या हातातून घेऊन तिनं दप्तरात टाकला आणि बाबांच्या पुढून चालत घरी गेली. त्या दिवसापासून ती त्यांना ‘बाबा’ म्हणाली नाही. काही हवं असलं तर आईला सांगायची, आई नसली तर मला. बाबाही हट्टी. “तिला सांग, दिवा बंद कर,” असं ते मला सांगायचे, ती हाताच्या अंतरावर बसलेली असताना. मी दोघांचाही राग राग करायचे, पण निरोप पोचवायचे.

दुकानाकडे मुलं फिरकेनाशी झाली. काही महिन्यांत त्यानं कॅसेटच्या फळ्या काढल्या आणि टेलिफोनचं बूथ टाकलं. आमचं यंत्र त्यानं कुठल्याशा दुसऱ्या मोहल्ल्यात विकलं, असं ऐकलं. मामा दिवाळीला आला तेव्हा त्यानं टीव्हीखाली पाहिलं, मग आईकडे. पुढच्या दिवाळीला तो आला नाही.

बारावीनंतर ताई पुण्याला शिकायला निघाली. कँट स्टेशनवर बाबा आले होते. तिची ट्रंक त्यांनीच डब्यात चढवली, सीटखाली ढकलली, हमालाला हात लावू दिला नाही. मग खिडकीपाशी येऊन उभे राहिले. ताई दुसऱ्या बाजूला पाहत होती.

“पोचलीस की फोन कर,” बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट तिला.

ती माझ्याकडे वळली. “सांग त्यांना, आईला करीन.”

गाडी हलली. ती बोलत होती तेव्हाच शेजारच्या फलाटावर दुसरी गाडी शिरत होती, कानठळ्या बसत होत्या. बाबांनी मला विचारलं, “काय म्हणाली?”

काहीतरी बरं सांगता आलं असतं. मी ती म्हणाली तेच सांगितलं, तिच्याच शब्दांत. बाबांनी उपरणं नीट केलं आणि पुलाकडे चालायला लागले.