कात्रीनं आणलेलं म्हातारपण

उसवलेल्या झालरीचा आमचा गालिचा दुरुस्तीला दिला होता, तो आणायला मी दुकानात गेले. मालक एका वयस्क गृहस्थांना कॉकेशसच्या डोंगरातला लाल गालिचा दाखवत होते.

"या काळ्या रेघेवरून बोट फिरवा. खोल गेलीय ना? काळ्या रंगात लोखंड असतं, ते लोकर खातं. शंभरेक वर्षं उलटल्याशिवाय असं होत नाही, साहेब."

साहेबांनी बोट फिरवलं. मग बूट काढून अलगद गालिच्यावर पाय ठेवला.

मी मागच्या खोलीत गेले. तिथे त्याच नक्षीचा कोरा करकरीत गालिचा पसरला होता आणि त्यावर चपलांसकट बसून एक कारागीर बारीक कात्रीनं फक्त काळी लोकर कापत होता.

"हे काय करताय?"

"वय घालतोय, ताई." त्यानं हसत फुंकर मारली. उडालेली कातरण माझ्या ओठांना चिकटली.

रेघ खोल जायला त्या डोंगरातल्या घरात कुणीतरी जगावं लागतं. पोरं रांगतात, दूध सांडतं, मयताला माणसं जमतात, आणि त्या सगळ्यांच्या पायांखाली काळं हळूहळू झिजतं. ते अख्खं जगणं एका दुपारी कातरून टाकायचं, वर हसायचं. शी!

बाहेर आले तर ते गृहस्थ अजून अनवाणीच उभे होते.

"वयाचा मान ठेवावा माणसानं," ते मला म्हणाले.

मी ओठ पुसले. "बूट घाला, काका. हा गालिचा तुमच्या नातवापेक्षा लहान आहे."