जिन्यातल्या डब्यावर चार कॅमेरे

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण सांगतोच. नाहीतर आमच्या कासारवाडीच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच.

मी चाकणला कंपनीत क्वालिटीला. माल खराब निघाला की पाच वेळा 'का?' विचारायचं आणि मुळाशी जायचं, हा आमचा शिरस्ता. नवीन पोरांना मीच शिकवतो. हे तेवढं लक्षात ठेवा!

झालं काय, शाळांना सुट्टी लागली आणि घरचं नेट हळू झालं. नेट केबलवाल्याचं, सगळ्या बिल्डिंगच्या वायरींचा डबा जिन्यात. मला वाटलं, कुणीतरी आपल्या वायरीत वायर घातलीय. लावला डब्यासमोर कॅमेरा, घरच्याच नेटवर, मोबाइलवर दिवसभर बघता येईल असा. नेट आणखी हळू! म्हणजे चोर सावध झाला ना? लावला दुसरा. मग तिसरा, चौथा. नेट पार झोपलं. माझी खात्री पटली, टोळीच आहे!

त्यातच माझ्या मुलीचा, स्वातीचा इंटरव्ह्यू. व्हिडिओवर, सकाळी अकराला. सहा महिने पोरगी घरी बसून होती. त्या दिवशी मी कंपनीतून रजाच टाकली.

अकरा वाजले. इंटरव्ह्यू घेणारे साहेब आम्हाला स्वच्छ दिसतायत, ऐकू येतायत. पण ते म्हणाले, "तुमचा व्हिडिओ अडकलाय, आवाज तुटतोय. पाच मिनिटं थांबतो, नाहीतर पुढच्या उमेदवाराला घेतो."

"पप्पा, काहीतरी करा ना!" तिचे डोळे भरले.

माझं डोकंच फिरलं. जिन्यात गेलो, डबा उघडला आणि आमची सोडून सगळ्यांच्या वायरी उपटल्या!

"अहो, माझं कीर्तन बंद पडलं!" वरून जगतापकाकू.

"भाऊ, माझं ऑफिस चालू आहे!" खालचे देशमुख बनियनवरच धावत आले.

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे! कुणी हात लावायचा नाही!" मी डब्यासमोर आडवा.

तेवढ्यात आतून स्वाती, "पप्पा, अजून अडकतंय!"

देशमुखांनी फोन करून बोलावलेला केबलवाला सुनील समोरच्याच दुकानातून धापा टाकत आला आणि आत स्वातीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला.

"काका, नेट घरात येतं तो रस्ता मोठा. घरातून बाहेर जायची वाट अरुंद, तीसुद्धा सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच. सगळ्यांच्या वायरी काढल्यात, तरी वाट भरलेली. मग भरतंय कोण?" त्याने वर बघितलं. "हे कॅमेरे कुणाचे?"

मी हळूच डब्यासमोरून बाजूला झालो.

त्याने चारही कॅमेरे बंद केले. आतून साहेबांचा आवाज आला, "हं, आता स्वच्छ दिसताय!" आणि स्वाती धो धो बोलायला लागली. आम्ही सगळे दाराला कान लावून.

साहेब म्हणाले, "अडचणीच्या मुळाशी कसं जाल? उदाहरण द्या."

"आत्ताचंच देते, सर. माझा व्हिडिओ का अडकला? बाहेर जायची वाट भरली. का भरली? आमचेच चार कॅमेरे सतत चित्रं पाठवत होते. का लावले? नेटचोर पकडायला. चोर का वाटला? नेट हळू होतं. ते का? सुट्टीमुळे सगळी घरं एकदम नेट वापरत होती. चोर नव्हताच, सर. पप्पांनी एकदाही 'का' विचारलं नाही!"

साहेब खो खो हसले. देशमुखही हसले. जगतापकाकू तर हसून हसून जिन्यातच बसल्या!

नोकरी तिथेच पक्की झाली हो, देवाची कृपा. माझेही डोळे भरून आले. पण कॉल बंद करता करता साहेबांनी विचारलंच, "वडील काय करतात तुमचे?"

"क्वालिटीला आहेत, सर."