रानहंसांसाठी पुढे ढकललेला स्कॅन

वृंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलबाहेर गाडी लावत होते. शेजारच्या सीटवर तिच्यासाठी आणलेला मऊ भात होता. शांतपणे गेली, असं नर्स म्हणाली. वृंदाने कधी काही शांतपणे केलं होतं...

आम्ही दोघी पुण्याहून एकाच वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीत आलो. मी फार्मसीत रमले, ती पाण्याच्या अभ्यासात. अलीकडे दर जूनला ती उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांवर जायची. तिथे हजारो रानहंस घरटी करतात, गवत उपटून खातात, तळ्याकाठी शिटतात. त्या खताने काचेसारखं पाणी हिरवट होतं, शेवाळ माजतं. हे सगळं ती मला जेवताना सांगायची. एकदा वैतागून मी म्हटलं, मग हाकला की त्यांना. झालं. हिवाळ्यात तिथून दक्षिणेकडे उतरून माणसांच्या शेतातलं धान्य खाऊन त्यांची संख्या वाढली, मग दोष एकट्या पक्ष्यांचा कसा, हे तिने भाजी गार होईपर्यंत ऐकवलं.

यंदा मेमध्ये डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचा तातडीने स्कॅन सांगितला होता. तिने तो मला न विचारता पुढे ढकलला. मी शिफ्ट संपवून थेट तिच्या घरी गेले, वाट्टेल ते बोलले.

"एका तळ्यावर हंस फिरकतही नाहीत, तरी ते हिरवं होतंय," ती म्हणाली. "यंदा पाहिलं नाही तर सगळं हंसांच्या माथी मारून मोकळे होतील, अमृता."

"आणि तुला काही झालं तर?"

"तर तू आहेसच ओरडायला."

ती तळ्यांवर गेली आणि खुशीत परतली. गोठलेली जमीन वितळून तिच्यातलं खत त्या तळ्यात झिरपत होतं. हंस त्यापुरते निर्दोष सुटले. गाठ मात्र तोवर यकृतापर्यंत पोचली होती. मेमध्ये कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले. मी ते तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

गेल्या रविवारी तिचं घर आवरायला गेले. गराजमध्ये तिचे गमबूट होते. परदेशची माती इथल्या विमानतळावर चालत नाही, म्हणून तिथून निघण्याआधी ती ते टूथब्रशने घासायची. मी खाली बसून त्यांच्या तळाच्या प्रत्येक खाचेत सेफ्टी पिन फिरवली. तिथला एखादा कण तरी मिळेल म्हणून... काही मिळालं नाही. बुटांची इतकी काळजी घेतली होती बाईने.