मृणालच्या समुद्रात टँकरचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मृणालला नाही, बाबांना तर नाहीच. ज्या मैत्रिणींबरोबर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्यांनाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही समोर बसलेले नाही आहात, म्हणून असेल. तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही.

मी पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले. बाबा स्वारगेटजवळच्या एका छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका छापायच्या आणि संध्याकाळी त्याच यंत्रावर चळवळीची पत्रकं. इतर मुलींना बाप गोष्टी सांगायचे, माझा बाप मला मजकूर वाचायला द्यायचा. आमच्या घरात एकच नियम कडक होता — पत्रकाच्या तळाशी नाव पाहिजे. बिननावाचं पत्रक बाबा हातातसुद्धा घेत नसत. ज्याला नाव घालायची भीती वाटते त्यानं लिहू नये, म्हणायचे.

मी लिहायला लागले ती त्यांच्यासाठीच. आज कबूल करते.

वाघोलीला मी आणि मृणाल भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मृणाल अमरावतीची, आयटीत नोकरी, बोलायला गोड. तिनं हॉलमध्ये समुद्र मांडला होता. खरंच समुद्र — काचेच्या मोठ्या टाकीत खारं पाणी, निळ्या दिव्याखाली डोलणारी जिवंत प्रवाळं, दोन नारिंगी मासे. पाणी इतकं नितळ की काचेमागं पाणी आहे हेच विसरायला व्हायचं. ते नितळ ठेवायला ती जिवाचं रान करायची. सकाळी उठली की आधी काच पुसणार, मग पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणाऱ्या यंत्राचा पेला धुणार, आणि मग स्वतःचा चहा. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी वरून घालावं लागे. तेही साधं नाही, यंत्रातून गाळून कॅनमध्ये भरलेलं. मला तिनं हे नीट समजावलं होतं. "टँकरचं एक मगसुद्धा नको टाकू गं. त्यात जे असते ना, त्याच्यावरच शेवाळ पोसून राहते."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, नंतर पळवाट नको.

आई गेल्यावर बाबा एकटे होते. एका रविवारी जेवायला आले आणि त्या टाकीसमोर बसले, ते उठेचनात. हे काय खातं, ते दिवसा मिटतं का, हा मासा त्या प्रवाळात कसा झोपतो — प्रश्नांवर प्रश्न. चहा गार झाला. माझा बाप, ज्यानं मला कधी "आज काय केलंस" विचारलं नाही! मग ते दर रविवारी येऊ लागले. त्यांच्या घराच्या कोपऱ्यावरच्या माझ्या सभेला यायला त्यांचे गुडघे दुखत. वाघोलीला मात्र दोन बस बदलून यायचे. दार उघडलं की माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये बघायचे — "काय, कसा आहे समुद्र?"

त्याच दिवसांत मी टँकरच्या पाण्यावर पत्रक लिहिलं होतं. आमच्या सोसायटीत बायका टँकरची वाट बघत ताटकळायच्या, त्यावर. मला वाटलं, आजवरचं माझं सगळ्यात चांगलं लिखाण. बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "विशेषणं निम्मी कर," म्हणाले आणि कागद माझ्या हातात देऊन टाकीकडे वळले. "मृणाल, अगं हे जांभळं आज जास्त फुललंय का?"

जास्त फुललं होतं. मीही बघितलं होतं.

बहिणीच्या लग्नासाठी मृणाल काही आठवडे अमरावतीला गेली. बाबा आमच्याकडेच राहायला आले, आनंदानं. माशांना खाणं घालायचं त्यांच्याकडे, पाणी घालायचं माझ्याकडे. निघताना ती म्हणाली, "काका, चिमूटभरच हं. लाडात येऊन जास्त नका टाकू." बाबांनी शाळकरी मुलासारखी मान डोलावली. आणि खरंच चिमूटभरच टाकायचे. मी रोज बघत होते. खाण्याचे दाणे तळहातावर घेऊन आधी नखानं बाजूला काढायचे, मग टाकायचे.

मी बाथरूमच्या बादलीतलं टँकरचं पाणी टाकलं.

पहिल्या दिवशी मनाशी भाषण केलं — इथं माणसं टँकरचं पाणी पितात आणि माशांना गाळलेलं पाहिजे? केवढं सुंदर वाक्य! पत्रकात शोभलं असतं. पण त्यावर पत्रक मी काढलं नाही. मृणालला फोन करून भांडले नाही. बाबा आंघोळीला गेले की आधीच भरून ठेवलेला मग मी टाकीत रिकामा करायचे. तत्त्वासाठी कुणी दाराचा कानोसा घेतं का? आणि कॅनमधलं पाणी संपायला तर हवं, नाहीतर कळेल, म्हणून त्यात मी स्वयंपाक केला. त्या पाण्यात वरण लावलं. बाबा म्हणाले, "आज वरण झकास झालंय." कित्येक वर्षांत त्यांनी माझं केलेलं पहिलं कौतुक. तेही मृणालच्या पाण्याचं.

आधी वाळूवर तपकिरी साय आली. मग हिरवे केस. खडकांवरून लोंबणारे, प्रवाळांच्या मुळाशी गुंतलेले. बाबा काच पुसत राहिले, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धुरकट. जांभळं प्रवाळ मिटलं ते उघडलंच नाही. मला भीती वाटली का? वाटली. थांबले का? नाही. बाबा आता रोज मला हाक मारून विचारायचे, "तुला काय वाटतं गं, काय झालं असेल?" मला! आम्ही दोघं टाकीसमोर शेजारी शेजारी बसायचो. ते दिवस — कसं सांगू — मला आवडले.

मृणाल परत आली. बॅग खांद्यावर तशीच, टाकीसमोर मटकन बसली. बोट काचेवर ठेवून म्हणाली, "हे कशानं झालं असेल?" तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. बाबा मागं उभे होते. हळूच म्हणाले, "खाणं तर मी बेतानंच..."

आणि मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना, चिमूटभरच म्हणून."

बस. एवढं एक वाक्य. त्यात एकही विशेषण नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उभं आयुष्य छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे अचूक जुळवलेला तो हात. मला वाटलं, आता भांडतील — माझा बाप कुणाशीही भांडला असता. पण ते म्हणाले, "असेल. वयानं अंदाज चुकत असेल. मृणाल, मला माफ कर गं." ती उठून त्यांच्याजवळ गेली. "काका, असं नका बोलू ना. होऊन राहते असं." तिचे डोळे भरले होते. मी आत जाऊन चहा ठेवला. त्याच बादलीतल्या पाण्याचा.

तिनं खूप झगडून पाहिलं. दातांच्या ब्रशनं एकेक खडक घासला, पाणी बदललं, दिवे विझवून ठेवले. शेवटी मासे दुकानात परत दिले. बाबा त्यानंतर वाघोलीला आले नाहीत. गुडघे दुखतात, म्हणाले.

मागच्या महिन्यात त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथं बसायच्या जागी माशांची टाकी आहे. ओळखीची नर्स म्हणाली, "आजोबा, घालायचं का खाणं? या." बाबा उठले, टाकीपर्यंत गेले आणि दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले. "नको," म्हणाले, "माझा हात सैल आहे. विचारा हिला." आणि हसले.

मी त्यांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. मीही हसले.

बाबा माझं छापून आलेलं सगळं वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. छापण्याआधी मजकूर त्यांना दाखवायचा, ही आमची रीत आहे. हा दाखवलेला नाही. तो ते छापलेलाच वाचतील, तळाशी माझं नाव असलेला.