पाय उगवतीकडे

आमच्यात माणसाला पुरताना पाय पूर्वेकडे ठेवतात. प्रभू पूर्वेकडून परत येणार, तेव्हा कबरेतला माणूस उठून बसला की त्याचं तोंड थेट प्रभूकडे व्हावं, म्हणून. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि लहानपणापासूनच मला त्या येण्याची धास्ती आहे. तो न सांगता येणार म्हणत. न सांगता येणाऱ्या कुणालाही मी घाबरतो. शाळेत इन्स्पेक्टर आले तरी मी मागच्या बाकावर सरकायचो. प्रभू, तू ये, पण गणिताचा पेपर झाल्यावर ये, अशी माझी प्रार्थना असे.

आईचं तसं नव्हतं. तिला वाट बघता येत होती. ती हिंगणीच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळच्या एसटीनं वर्ध्याला परतायची. बाबा सायकल घेऊन तिला घ्यायला स्टँडवर जात, पण गाडी येते त्या बाजूला पाठ करून, टपरीवर गप्पा हाणत उभे राहत. "माह्याकडं पाठ करून माही वाट पाह्यते हा माणूस," आई म्हणायची. ती उतरून हाक मारायची, मग बाबा वळायचे. घरच्या प्रार्थनेत ती रोज म्हणे, प्रभू, तू येशील तेव्हा आम्ही तयार असू दे. मी आमेन म्हणायचो, पण हळू आवाजात.

कोरोनात बाबा गेले. आईही पॉझिटिव्ह, खोलीत कोंडलेली. मी एकुलता एक, म्हणून मीच गेलो. आमच्या कब्रस्तानाचं नेहमीचं फाटक पश्चिमेला, गावाच्या अंगाला आहे. त्यामुळे पूर्व-पश्चिम कुणी बघत बसत नाही. डोकं फाटकाकडे म्हटलं की झालं. त्या दिवशी मात्र रस्त्यावर बांबू बांधले होते, म्हणून गाडी फिरून मागच्या फाटकानं आत आली. भर दुपार, सूर्य डोक्यावर. पांढऱ्या किटमधली चार माणसं आणि पिशवीत बाबा. मी वीस पावलांवर निंबाखाली उभा, तोंडावर दोन मास्क. खरं सांगतो, मला बाबांची भीती वाटत होती. ज्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मोठा झालो, त्यांची.

"साहेब, डोक्शं कोनीकडं करू?" एकानं ओरडून विचारलं.

मी हात लांब करून फाटक दाखवलं. गाडी आत आली होती ते, समोरचं. चार पावलं पुढे गेलो असतो, एकदा नीट बघितलं असतं, तर कळलं असतं. पण लवकर आटपावं एवढंच मनात होतं. त्यांनी माती लोटली, डोक्याशी अर्धी वीट रोवली आणि निघून गेले.

घरी पोचलो तर आईनं बंद दाराआडून आधी हेच विचारलं, "पाय उगवतीकडं हायेत ना रे?"

"हो," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पुढच्या ईस्टरला पहाटेची उपासना कब्रस्तानात होती. कबर साफ करायला मी आईच्या आधी गेलो, नेहमीच्या फाटकानं. बाबांपाशी पोचलो आणि थांबलो. वीट पलीकडच्या टोकाला होती. तिच्यामागे मागचं फाटक, आणि त्या फाटकावर तांबडं फुटत होतं. बाबा उठून बसले तर त्यांची पाठ प्रभूकडे होणार होती, आणि हे मी करून ठेवलं होतं. तेवढ्यात आई फुलं घेऊन येताना दिसली. मी वीट उपटली, अलीकडच्या टोकाला रोवली आणि हात पँटला पुसले.

त्यानंतर आई दर रविवारी त्या विटेशी बसे, मातीवरून हात फिरवत बाबांशी बोले. मी मागे उभा राहून बघे. गवंडी बोलावून क्रूस बसवू या, असं तिनं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढी. प्रभू यायची भीती आता दुप्पट झाली होती. तो आला की आईला सगळ्यात आधी माझं खोटं दिसणार होतं.

मग काही वर्षांनी तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सावंगीच्या दवाखान्यात. आदल्या संध्याकाळी तिनं मला खाटेजवळ बसवलं. "नाई वाचली तं तुह्या बाबाच्या बाजूले ठेवजो. खांद्याले खांदा. संगच उठू."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं, विटेसकट.

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे इतके वर्सं मी त्याईच्या पायाशी बोलून राह्यली?"

"हो."

"अन् तू पाहून राह्यला?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशीची प्रार्थना तिनं मनातल्या मनात केली. मला आमेन म्हणायला मिळालं नाही. ही अशीच गेली तर, या विचारानं मी रात्रभर खाटेशी बसून राहिलो.

सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "मले सरळच ठेवजो. पाय उगवतीकडं. प्रभू आला का मी आधी पाहीन, मंग त्याईले हाक मारीन. स्टँडवर तरी कुठं सरळ उभे राहत होते तुहे बाबा?"

आई वाचली. बोलता यायला लागल्यावर तिचं पहिलं फर्मान निघालं, "ते वीट जाग्यावर ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. वीट परत उगवतीच्या टोकाला रोवली आणि पहिल्यांदाच बाबांच्या डोक्याशी उभा राहिलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. आईसारखी हाक मारून बघावी असं वाटलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. ते खरंच वळतील आणि विचारतील, त्या दिवशी तू एवढा लांब काऊन उभा होतास, याची मला भीती वाटली.