उचलता न येणारा वाटा

दोन भावांचं फाटलं की बारामतीपासून इंदापूरपर्यंतची माणसं आधी काटेवाडीच्या दत्तोबाकडं यायची आणि मग वकिलाकडं. बरीचशी वकिलापर्यंत पोचायचीच नाहीत. दत्तोबा शिकलेला नव्हता. सातवीला दोनदा बसला, दोनदा पडला, शेवटी मास्तरनंच हात जोडले. पण खांद्यावर टॉवेल आणि काखेत मोजणीची दोरी घेऊन हा माणूस वस्तीवर उतरला, की तावातावानं बोलणारी तोंडं मिटायची.

त्याची रीत एकच. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं पहिला उचलायचा. आपल्या पदरात कुठला वाटा उरणार हे ठाऊक नसलं की थोरला भाऊ सोनाराच्या काट्यानं तोलल्यासारखे वाटे पाडतो. चाळीस वर्षांत दत्तोबानं अशी रानं वाटली, गोठे वाटले, विहिरीचं पाणी पाळ्या लावून वाटलं. एका घरात तर देव्हाऱ्यातले टाक वाटले, खंडोबा एकाकडं आणि बिरोबा दुसऱ्याकडं.

भ्यायचा तो एकाच गोष्टीला. डाळजला एका घरात शर्यतीच्या बैलांची जोडी होती. दत्तोबानं भावांना एकेक बैल दिला आणि हात झटकले. एकटा बैल शर्यतीला काय कामाचा? तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचा बैल दावणीला बसला तो उठलाच नाही. मागच्या पायाची शीर कुणीतरी कापली होती. महिन्याभरात गोष्ट बैलांवरनं माणसांवर आली. त्यातला एक भाऊ आता येरवड्यात आहे आणि दुसऱ्याचं वर्षश्राद्ध झालं. तेव्हापासून कुठल्याही उंबऱ्यात पाय ठेवला की दत्तोबाचा पहिला सवाल ठरलेला, "घरात जोडीची चीज काय हाय?"

सावळारामच्या घरीही त्यानं तोच सवाल टाकला. सावळाराम वारून दोन वर्षं झाली होती. मागं बायको सिंधुबाई आणि दोन पोरं, थोरला अविराज, धाकटा ऋषिराज. पाच एकर ऊस, एकरभर डाळिंब, एक विहीर, आठ जर्शी गाया. पोरांची लग्नं झाली, चुली वेगळ्या झाल्या, तशी सिंधुबाई आपणहून दत्तोबाच्या दारात आली होती. म्हणाली होती, "भावजी, अजून बोलत्यात तवर वाटून द्या."

"जोडीची चीज काय न्हाय," ती आता म्हणाली. "दोन सुना हायत, त्या बी एकमेकीला बगत न्हाइत."

पोरं हसली. दत्तोबालाही बरं वाटलं.

दुपारच्या आत रान झालं, गोठा झाला. विहिरीच्या मोटारीला आठवड्या-आठवड्याची पाळी लागली. भांडी, खाटा, फवारणीचे पंप झाले. मग अविराजनं आतनं एक पत्र्याची पेटी आणून घोंगडीवर ठेवली.

"ह्ये काय?"

"गेमच्या सीड्या, आबा. टीव्हीला डबा लावून आमी खेळतो न्हवं का, त्याच्या."

पेटीत एकतीस सीड्या होत्या, एकेका प्लास्टिकच्या डबीत. चौदा वर्षांपूर्वी दोघा भावांनी बारामतीतनं जुना डबा आणला तेव्हापासून साठवलेल्या. सिंधुबाईनं दत्तोबाच्या कानात सांगितलं, "लग्नं झाल्यापास्नं ही दोघं खेळतानाच काय त्ये बोलत्यात. 'पास दे, मार, आरं आंधळा हाईस का.' एरवी जेवलास का म्हनूनसुदिक इचारत न्हाइत." आता डबेही दोन झाले होते, एकेकाच्या खोलीत एक.

दत्तोबानं एक सीडी उन्हात धरून फिरवली. हाताला वजन लागलं, चकाकी दिसली. "मोजून निम्म्या करा की. त्यात काय?"

"सगळं सीडीवर न्हाय, आबा," ऋषिराज म्हणाला. "गेल्या सा वर्सांत घेतलेलं ऐंशी गेम हितं न्हाइतच. त्ये खात्यात हायत."

"कुठल्या बँकेत?"

"बँकेत न्हाय, कंपनीच्या खात्यात. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की टीव्हीत उतरत्यात."

दत्तोबाला दाखवायला त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर चौकोनी चित्रांच्या रांगा सरकत गेल्या. त्यात एक फुटबॉलचा खेळ होता. दोघांनी मिळून सहा वर्षं एकेक खेळाडू जमवून त्यात संघ बांधला होता आणि त्याला नाव दिलं होतं सावळाराम एकादश.

"तुमचा बाप उभ्या जन्मात चेंडूला शिवला न्हाय," दत्तोबा म्हणाला.

"म्हनून तर गोलकीपर केलाय," ऋषिराज म्हणाला, आणि पहिल्यांदा दोघं भाऊ एकमेकांकडं बघून हसले.

"बरं. आन् ह्ये ऐंशी गेम ठेवल्यात कुठं?"

"सर्वरवर."

"त्ये कुठल्या तालुक्यात आलं?"

अविराजनं डोकं खाजवलं. "त्ये कुनालाच ठावं न्हाय, आबा. खरं बगाय गेलं तर मालक कंपनीच. आमाला नुसती खेळायची परवानगी."

"मंजी तुमी कूळ."

"कूळ बी न्हाय. कुळाच्या मागं कायदा असतोय."

दत्तोबानं टॉवेलानं मान पुसली. रीतीबाहेर जायचं नाही असं त्यानं ठरवलं. "अविराज, पाड वाटे."

अविराजनं विचार केला. त्याच्या नव्या डब्याला सीडी घालायचं तोंडच नव्हतं, धाकट्याच्या डब्याला होतं. त्यानं सगळ्या एकतीस सीड्या एका बाजूला सारल्या. दुसऱ्या बाजूला घोंगडीवर काहीच ठेवता येईना, म्हणून त्यानं टीव्हीचा रिमोट ठेवला आणि म्हणाला, "ह्यो एक वाटा आन् खातं ह्यो दुसरा."

ऋषिराजनं पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं रिमोट उचलला.

अविराजचा चेहरा उतरला. "तुला खातं कशाला? तुझ्या डब्याला तर तोंड हाय."

"तू पाडलास, मी उचलला."

"आरं पर खातं माझ्या नावावर हाय. नंबर माझा, आधार माझं. त्ये दुसऱ्याच्या नावावर हुत न्हाय. कंपनीचा नियम हाय तसा."

"मग वाटा पाडलासच कशाला?" दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण सिंधुबाई पदर आवळून उभी राहिली. चाळीस वर्षांत असा वाटा त्याच्यासमोर आला नव्हता. पाडला होता, उचलला होता, आणि तरी जागचा हलला नव्हता.

तोडगा त्याला सुचला तो विहिरीवरनं. सीड्या निम्म्या निम्म्या करायच्या आणि खात्याला पाळी लावायची. ज्याची मोटारीची पाळी त्या आठवड्यात खातं दुसऱ्याचं, म्हणजे दोन्ही घरी बरोबरी. मोटारीच्या खाली, त्याच कागदावर, दत्तोबानं खात्याची पाळी लिहिली. मग विचारलं, "किल्ली दोघांकडं हाय न्हवं?"

"हाय. पासवर्ड दोघांना म्हाईत हाय," ऋषिराज म्हणाला.

अविराज हो म्हणाला, पण म्हणताना त्यानं खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. दत्तोबानं ते बघितलं. ताटं वाढली होती, पोटात कावळे ओरडत होते. त्यानं बघितलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात ऋषिराज दत्तोबाच्या ओट्यावर येऊन बसला. टोमॅटोच्या क्रेट रचता रचता दत्तोबानं त्याच्याकडं पाहिलं आणि क्रेट खाली ठेवली.

"पाळी माझी हाय, आबा. पासवर्ड घातला तर पडदा म्हनतोय, मोबाइलवर आलेला आकडा टाका. आकडा येतोय दादाच्या मोबाइलवर. दादा फोन उचलत न्हाय. चार दिस झालं."

अविराज गाठ पडला तेव्हा म्हणाला, "ऊस भरून सोमेश्वरनगरला गेलतो. कारखान्यावर नंबर लागंना. रेंज न्हवती."

"चार दिस रेंज न्हवती?" ऋषिराज.

"तुला बायको हाय न्हवं? जरा तिच्याशी बोलायचं चार दिस."

खरं काय ते अविराजलाच ठाऊक. पण ऋषिराजच्या जबड्याचं हाड हललेलं दत्तोबानं पाहिलं. डाळजच्या धाकट्याचंही असंच हलायचं. त्याच्या मनात आलं, हे आता लौकर बांधून टाकलं पाहिजे. आणि त्यानं आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. अर्ज लिहायला लावला.

ऋषिराजची बायको निकिता बी.कॉम. होती. दत्तोबा सांगत गेला आणि ती मोबाइलवर इंग्रजीत लिहीत गेली. सदर खाते अविराज यांच्या नावे दिसत असले तरी ते दोघा सख्ख्या भावांचे सामाईक आहे. दोघांनी निम्मे निम्मे पैसे भरलेले आहेत. सध्या दोन्ही घरांत आठवड्याच्या पाळीने वापर चालू आहे. तरी मेहेरबान कंपनीने सदर खात्याची सरस निरस वाटणी करून द्यावी. एक अक्षर खोटं नव्हतं. खाली दोघा भावांनी आबांच्या शब्दाखातर आपली नावं घालून दिली, दत्तोबानं पंच म्हणून आपलं घालायला लावलं.

निकितानं बोट थांबवलं. "आबा, ह्ये सगळं खरं सांगायला पायजे का?"

"खऱ्या अर्जाला कोन खातंय?"

पाचच मिनिटांत उत्तर आलं. तुमचं म्हणणं मिळालं, आणि खाली एक लांबलचक आकडा. दत्तोबा खूश झाला. "ह्यो आवक नंबर. कागदावर उतरून ठेवा. आवक नंबर पडला मंजी अर्ज लागला." आठवडाभर तो ज्याला त्याला सांगत हिंडला, की कंपनी परदेशातली असली तरी तलाठ्यापेक्षा झटपट आहे.

नवव्या दिवशी दोन्ही घरांतले टीव्ही एकच गोष्ट सांगायला लागले. निकितानं वाचून दाखवलं. एक खातं एकाच माणसानं वापरायचं असतं. ते दुसऱ्याला देता येत नाही, वाटता येत नाही. नियम मोडल्याचं खातेदारानं स्वतःच लेखी कळवलं आहे. म्हणून खातं कायमचं बंद.

"कायमचं मंजी?"

"मंजी कायमचं, आबा."

"आन् भरल्यालं पैसं? आन् त्यो संघ?"

निकितानं मोबाइल पालथा ठेवला.

दत्तोबानं पुन्हा अर्ज करू म्हटलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. अविराज म्हणाला की धाकट्यानं बायकोकडनं मुद्दाम लिहवून घेतलं, मला मिळत न्हाय तर तुलाबी नको म्हणून. ऋषिराज म्हणाला की फोन उचलला असता तर अर्जाची पाळीच आली नसती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही हे दत्तोबाला सांगत होते. खेळात बोलायचे, तो खेळही राहिला नव्हता.

सोमवारी ऋषिराजची मोटारीची पाळी सुरू झाली. डाळिंबाला बहर धरला होता, पाणी द्यायलाच हवं होतं. तो विहिरीवर गेला तर स्टार्टरच्या पेटीला नवं कोरं कुलूप.

दत्तोबा कागद घेऊन गेला. अविराज गोठ्यात गायींना पेंड चारत होता. मान वर न करता म्हणाला, "मला एक कळलं, आबा. पाळीबिळी काय खरी न्हाय. नाव कुनाचं त्ये इचारत्यात. मोटारीचं मीटर बापाच्या माघारी माझ्या नावावर झालंय."

"आरं, टीव्हीतला खेळ आन् विहिरीचं पानी एक व्हय रं?"

"तुमीच दोन्ही एका कागदावर लिवलंय."

दत्तोबानं कागदाची घडी घातली आणि तो गोठ्याबाहेर पडला. परत येताना त्यानं डाळिंबाचा बाग पाहिला. फुलं गळायला लागली होती. ऋषिराज बांधावर बसला होता. हाक मारली तर तो उठून दुसरीकडं चालू लागला.

गुरुवारी भर दुपारी सिंधुबाई दत्तोबाच्या दारात आली. पायात चप्पल नव्हती.

"भावजी, एक इचारू? घरात गॅस आल्यापास्नं आमच्यात कुनी लाकडं फोडतंय का?"

"का?"

"थोरल्यानं आज सुताराकडनं कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून आनला."

दत्तोबा उठून बसला. "आन् धाकटा कुठं हाय?"

"त्यो बी तितंच गाठ पडला म्हनं त्येला. दांडाच बसवायला आलता."

"मग? काय बोलाचाली झाली?"

"काय न्हाय. सुतार म्हनतोय, शेजारी शेजारी बसून च्या पेले आन् गपगुमान उठून गेले." तिला धाप लागली होती. "धाकट्याची कुऱ्हाड निकितानं कडब्यात दडवलीया. थोरल्याची कुठं हाय त्ये थोरली सून सांगत न्हाय. नुसती रडतीया."

दत्तोबानं सवयीनं खुंटीवरची दोरी घेतली आणि परत खुंटीला अडकवली. भामाबाईनं, त्याच्या बायकोनं, आतनं विचारलं, "भाकरी टाकू का?" सिंधुबाई तोवर फाट्यापर्यंत पोचली होती, तापलेल्या मातीवरनं अनवाणी पळत. तो तिच्या मागं निघाला. निम्म्या वाटेत ती थांबली, वस्तीकडं कान देऊन उभी राहिली आणि मग होता तो जीव गोळा करून आधीपेक्षा जोरात पळायला लागली.